भाकड मेंढीची वाट

पोरगी काय करते असं वाडीवर कुणी विचारलं, की मी सांगायची, लेंड्या वेचते. ऐकणारा हसायचा. मी हसू द्यायची आणि मग म्हणायची, लेंड्या वेचायला तिला विमानानं नेतात. तुमच्या पोराला एस.टी.नं तरी कुणी नेतंय का?

खोटं त्यात काही नव्हतं. माझी लेक डॉक्टर सारिका कोळेकर जनावरांची डॉक्टर आहे, पण औषध देणारी नव्हे, अभ्यास करणारी. नॉर्वेच्या वरच्या टोकाला, जिथं झाड म्हणून उगवत नाही, तिथं ती बारा वर्षं राहिली. तिथले कोल्हे, सील, अस्वलं, आणि मुख्य म्हणजे रेनडिअर. दिसायला हरीण, वागायला मेंढी. त्याची लेंडी बाटलीत घालून तपासली की ते काय खातं, किती उपाशी आहे, पोटात पिल्लू आहे की नाही, सगळं कळतं. मला बोटानं फोडून त्यातलं निम्मं कळतं, पण माझ्या बोटाला पदवी नाही. मी तिसरीतून उठले ती कळपामागं गेले.

माझे दोन्ही गुडघे नवे बसवून झाल्यावर सारिकाचा फोन आला. "आता सबब सांगू नकोस, आये. मी दोन वर्षं आले नाही, तर तूच ये महिनाभर."

मी बाजरीचं पीठ घेतलं, खर्डा घेतला, घोंगडं घेतलं आणि गेले.

नोव्हेंबर संपत आला होता. तिथं त्या दिवसांत सूर्य उगवतच नाही. भर बाराला आपल्याकडच्या पहाटेसारखं निळसर उजाडतं आणि दोन तासांत मावळतं. सारिकानं माझ्या कानात शेंगदाण्याएवढं यंत्र बसवलं. समोरचा कुठल्याही भाषेत बोलो, माझ्या कानात मराठी. पण ती कसली मराठी, सातच्या बातम्यांसारखी. आणि माझं बोलणं त्यांच्याकडं जाताना धुऊनपुसून जायचं. केंद्राचा प्रमुख हालवोर म्हणून उंच, लाल दाढीचा माणूस होता. त्याला मी "मुडद्या, दार लाव" म्हटलं, तर त्यानं हसून मान लववली आणि दार लावलं. त्याला काय ऐकू गेलं कोण जाणे.

तिथली अडचण सारिकानं मला एका वाटीत पीठ घेऊन दाखवली. पूर्वी हिवाळाभर बर्फ असा पडायचा, पिठासारखा कोरडा. जनावर खुरानं तो उकरतं आणि खालचं दगडफूल खातं. आपण मसाल्यात घालतो त्याच जातीचं. आता भर हिवाळ्यात मध्येच ऊब येते, बर्फावर पाऊस पडतो, आणि दुसऱ्या दिवशी ते पाणी गोठून काचेसारखी खपली धरते. खूर फुटतो, खपली फुटत नाही. जनावराला चाऱ्याचा वास येतो, आणि ते चाऱ्यावर उभं राहून उपाशी मरतं.

त्यावर सारिकानं यंत्र काढलं होतं. त्याचं नाव जुळा. प्रत्येक जनावराच्या कानात बिल्ला. तो काळजाचे ठोके, अंगाची ऊब, पावलं, रवंथ सगळं टिपतो. वरून उपग्रह बघतो, खपली कुठं धरली. लेंडी सांगते पोटातलं. हे सगळं एकत्र करून यंत्रात त्याच कळपाचा जुळा कळप चालतो, नुसता आकड्यांचा. खरा कळप एक दिवस चरतो, तेवढ्यात जुळा दहा हजार हिवाळे जगून मरून मोकळा होतो. आणि मग सांगतो, यंदाच्या चाऱ्यात एवढी तगतील. बाकीची आत्ताच कापा, म्हणजे उरलेली झुरून मरणार नाहीत. कुठली कापायची त्याची यादीही देतो.

मला ते पटलं. चारा कमी आणि तोंडं जास्त, हे सांगायला आम्हाला यंत्र लागत नाही, पण सांगणारा खोटा नव्हता. ही यादी मान्य झाली, की उत्तरेतल्या सगळ्या कळपांना ती लागू व्हायची होती. बारा वर्षांचं काम एका बैठकीवर आलं होतं.

दुसऱ्याच दिवशी सारिकाचं भाषण होतं. ती उभी राहिली आणि म्हणाली, "मी नऊ वर्षांची असताना वडिलांच्या एका चुकीनं आमच्या बेचाळीस मेंढ्या गारपिटीत मेल्या. माझे वडील वाईट नव्हते. त्यांना माहिती मिळाली नाही. हे यंत्र मी त्यांच्यासारख्या माणसांसाठी केलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मागच्या बाकावर होते. मी वाजवल्या नाहीत. हातात कॉफी होती.

सारिकाचं आणखी एक खूळ होतं. ती म्हणायची, एकाच शाळेत शिकलेली माणसं एकाच जागी चुकतात. म्हणून तिच्या हाताखाली सील मारणाऱ्यांची लेक होती, गडचिरोलीची माडिया मुलगी होती, वाळवंटातल्या उंटवाल्याची नात होती. विद्यापीठातले जुने लोक म्हणायचे, ही शास्त्र करते की जत्रा भरवते? ती त्यांना पुरून उरली. जनावरांबद्दलचा कुठलाही निर्णय असो, बैठकीत जनावरं राखणारं एक माणूस पाहिजे, आणि तेही दुसऱ्या मुलखातलं, ज्याचा त्यात काही फायदा नाही, असा नियम तिनंच भांडून करून घेतला होता. त्या माणसाला हिवाळाभर काम अडवता येतं. पण कारण द्यावं लागतं, आणि ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असावं लागतं. आमच्यात अशी रीत आहे, असं सांगून चालत नाही.

यायची होती मंगोलियाची एक बाई. तिची विमानं वादळानं अडली. बैठक चार दिवसांवर. तेव्हा बिरेतनं माझं नाव सांगितलं.

बिरेत म्हणजे ज्या कळपावर पहिली यादी निघाली होती, त्याची मालकीण. तिथल्या सामी लोकांतली, पिढ्यान्‌पिढ्या रेनडिअर राखणारी, माझ्याच वयाची आणि माझ्यापेक्षा कमी हसणारी. पहिल्या भेटीत तिनं मला जनावरांच्या कानांवरचे काप दाखवले. प्रत्येक घराचा काप वेगळा. मी तिच्याकडून सुरी घेतली आणि जुन्या कातड्याच्या तुकड्यावर आमच्या घराचा काप काढून दिला. तिनं तो तुकडा खिशात ठेवला. तेवढ्यावर आमची ओळख झाली.

हालवोर म्हणाला, "आई आपल्या मुलीच्या बाजूनेच मत देईल. हे योग्य होणार नाही."

सारिका म्हणाली, "तुम्ही माझ्या आईला ओळखत नाही."

नाव मान्य झालं. मी नको म्हणाले नाही. लेकीच्या कामाला हो म्हणायचं आणि घरी यायचं, एवढंच तर होतं.

बैठकीच्या आदल्या दिवशी दुपारी बिरेतनं मला कळपाकडं नेलं. मी बघितलं आणि म्हटलं, "एवढे नर कशाला ठेवलेत? शिंगंवाले निम्मे काढा की." बिरेत पहिल्यांदा हसली, ती डोळे पुसेपर्यंत. शिंगं होती त्या माद्या. त्या जनावरात नर हिवाळ्याच्या तोंडाला शिंगं टाकतो. गाभण मादी वीत होईपर्यंत बाळगते, आपण उकरलेल्या चाऱ्यावर दुसरं कुणी येऊ नये म्हणून. पन्नास वर्षं जनावरांत काढून मी भर रानात नर-मादी चुकले. तिच्यापुढं माझा थोडा माज उतरला, ते बरंच झालं.

मग तिनं यादीतलं पहिलं नाव दाखवलं. बोडक्या डोक्याची म्हातारी मादी, पंधरा वर्षांची. तीन वर्षं पिल्लू नाही. खाते तेवढंच.

"भाकड," मी म्हटलं.

ती कळपाच्या पुढं नव्हती. पुढं चालतं ते हावरं जनावर असतं. ही मध्येच बसली होती, रवंथ करत. वारा फिरला तशी ती उठली. मग तिच्या आजूबाजूच्या उठल्या, मग सगळा कळप उठला. कुणी हाकललं नाही, कुत्रा भुंकला नाही. ती चालू लागली, आणि हावरी जनावरं पळत तिच्या पुढं जाऊन आपणच नेतोय असं दाखवू लागली.

अशी चालणारी एक मेंढी आमच्या कळपातही होती.

परत येताना बिरेतनं विचारलं, "आपले मत काय आहे?"

"माझं मत उद्या कळंल," मी म्हटलं. कानातल्या यंत्रानं त्याचं काय केलं माहीत नाही.

बैठकीत सात माणसं होती. सारिकानं सगळं नीट मांडलं. हालवोर माझ्याकडं वळून म्हणाला, "श्रीमती कोळेकर, आपली हरकत आहे का?"

हो म्हणायला वर्षं लागतात, नाही म्हणायला क्षण, असं लोक म्हणतात. माझं उलटं झालं. लेकीच्या कामाला द्यायचं हो जिभेवर तयार होतं, नाही यायला वर्षं लागली.

"हरकत हाय," मी म्हटलं. "ती पहिली बोडकी कापायची न्हाय. तिच्यासारख्या म्हाताऱ्या भाकडी यादीत जेवढ्या असतील, तेवढ्या ठेवायच्या."

सारिका हसली, लेकीनं आईला समजावताना हसावं तशी. "आये, का ते सांगावं लागतं. डोळ्यांनी बघितलेलं."

"बघितलंय."

मग मी सांगितलं. सारिकाकडं न बघता, हालवोरच्या दाढीकडं बघून सांगितलं.

"आमच्याकडं त्या साली दुष्काळ होता. दिवाळी करून कळप घाटाकडं न्यायचा, त्याआधी तोंडं कमी करायची. मोरी म्हणून एक मेंढी होती. नऊ वर्षांची, तीन वर्षं भाकड. पहिली मी तिलाच खाटकाला दिली. आमचे मालक नको म्हणत होते. म्हणाले, ती चालती वाट हाय, राहू दे. म्या म्हटलं, वाट खाती किती ते बघा."

हालवोरनं ते लिहून घेतलं.

"फाल्गुनात भर दुपारी गारा आल्या, लिंबाएवढ्या. दर साली आभाळ तसं झालं की मोरी उठायची आणि कड्याच्या आडोशाला चालायची, कळप तिच्या मागं. त्या दिवशी मेंढ्या उठल्या आणि एकमेकींच्या तोंडाकडं बघत राहिल्या. मग उतार दिसला तशा ओढ्यात गेल्या. एकमेकींच्या पोटाखाली डोकं घालून बसल्या. वरनं गारा, खालनं पाणी. बेचाळीस गेल्या. मी समोर होते."

हालवोरनं विचारलं, "परंतु डॉक्टर कोळेकर यांनी सांगितले की ती चूक त्यांच्या वडिलांची होती."

"तिला मीच तसं सांगितलं. सगळ्यांना सांगितलं. म्हटलं, ह्यांनी मेंढ्या बसवायची जागा नीट निवडली न्हाय."

कानातल्या यंत्रानं ते बाकीच्यांना कसं सांगितलं असेल, देव जाणे. सारिकाला यंत्राची गरज नव्हती.

तिनं समोरचे कागद एकावर एक नीट लावले. "कारण नियमात बसतं," ती म्हणाली. "हिवाळाभर यादी थांबवा." आणि उठून गेली.

संध्याकाळी ती माझ्या खोलीत आली. मी भाकरी थापत होते. त्या विजेच्या शेगडीवर भाकरी फुगत नाही, पण हाताला काम लागतं.

"मला पाडायला बोललीस?"

"तुला पाडायला खोटं पुरलं असतं. ते मला चांगलं जमतं."

"बारा गावांत आप्पाला 'बेचाळीस मेंढ्यांचा' म्हणायचे. तसाच मेला तो."

"मला ठाऊक हाय."

"मी शाळेत भांडायची, आये. मग मोठी झाल्यावर म्हटलं, जाऊ दे, अडाणी होता, यंत्र असतं तर वाचला असता. तो अडाणी नव्हता. त्याला मोरी कळत होती. जे मला बारा वर्षांत कळलं नाही, ते त्याला कळत होतं." ती खुर्चीवर बसली. "आणि तू मला यंत्र करायला पाठवलंस."

मी भाकरी उलटली. सॉरी हा शब्द मला येतो, पण तोंडातून येत नाही. आमच्या घराण्यात कुणाच्याच येत नाही. मी म्हटलं, "खाऊन घे."

तिनं खाल्लं नाही. चौथ्या दिवशी मला विमानात बसवलं आणि परक्या बाईला करावा तसा नमस्कार केला.

पुढं हिवाळा कसा गेला ते फोनवरून कळलं, तेही तुटक. यादी थांबल्यामुळं बिरेतनं एकही जनावर कापलं नाही. पलीकडच्या खोऱ्यातल्या कळपवाल्यांनी आपल्या कळपाची यादी आपल्या खुशीनं मानली. तिथल्या म्हाताऱ्या भाकडी एकूणएक गेल्या. जानेवारीत पाऊस पडला, खपली धरली. सारिकाचा फोन आला.

"बिरेतची साठ मेली उपासानं. पलीकडची नऊ. जुळ्यानं सांगितलं होतं तेवढीच. तुझ्या एका शब्दानं झालं हे, सांगून ठेवते."

"बरं," मी म्हटलं. यंत्राचं त्यात बरोबरच होतं.

वैशाखात पुन्हा फोन आला. या वेळी आवाज वेगळा होता.

दर साली कळप गोठलेल्या खाडीवरून पलीकडं जातात, विण्याच्या जागी. यंदा खाडी गोठलीच नव्हती. पलीकडच्या खोऱ्यातला कळप काठावर आला आणि पाण्याकडं बघत उभा राहिला. अकरा दिवस. माद्या तिथंच ओल्या बर्फात व्याल्या. निम्म्याहून जास्त पिल्लं थंडीनं आणि कोल्ह्यांनी गेली, शेकड्यांनी. बिरेतचा कळप काठापर्यंत आलाच नाही. दोन मैल अलीकडंच ती बोडकी म्हातारी डोंगराकडं वळली आणि वरच्या खिंडीतून सगळ्यांना नेलं. त्या खिंडीत कुणी कळप जाताना बिरेतच्या मुलांनीही पाहिला नव्हता.

"बिरेतला आठवलं," सारिका म्हणाली. "चौदा वर्षांपूर्वी असाच एकदा खाडीनं दगा दिला होता. तेव्हा ती मादी एक वर्षाची असेल. बिल्ले आम्ही नऊ वर्षांपूर्वी लावले. जुळ्याला नऊ वर्षांचं आठवतं, तिला पंधरा."

"मग त्यो जुळा फुकट गेला का?"

"नाही. त्याचं उपासाचं खरं होतं. वाटेचं त्याला कुणी विचारलंच नव्हतं. आता यादी काढायच्या आधी तो राखणाऱ्याला एक प्रश्न विचारतो. यातलं कुठलं जनावर जायला नको, आणि ते काय करतं? उत्तर आल्याशिवाय यादी बाहेर पडत नाही."

"चांगलं केलंस."

"तुझ्याशी माझं अजून मिटलं नाही, आये," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्यात मेंढ्या ओवाळतात. मेंढ्या धुतात, पाठीवर गेरूचे पट्टे ओढतात, सगळी वाडी माळावर जमते. ओवाळायचा पहिला मान घरातल्या थोरल्या बाईचा. तीस वर्षं तो माझा. ताट घेऊन मी पुढं झाले, तर समोर सारिका. न कळवता आली होती, पायात अजून तिकडचे बूट.

"थांब, आये. आधी सांग."

"सांगितलं की तिकडं."

"तिकडं आप्पाला कुणी ओळखत नव्हतं."

माझी धाकटी जाऊ कमल शेजारीच होती. तिचे कान लगेच टवकारले. "काय सांगायचंय, आक्का?"

मी ताट धरून उभी राहिले. वाडीनं मला वाकलेलं कधी पाहिलं नव्हतं. नवे गुडघे मुळी त्यासाठी नव्हतेच.

"गारांच्या सालची चूक मालकांची नव्हती," मी म्हटलं.

"कुठल्या मालकांची?" सारिका म्हणाली. "इथं शंभर मालक हायत. नाव घे."

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही रीत मी त्यांच्या माघारीही पाळली होती. उखाण्यातसुद्धा आढेवेढे घ्यायची. नावं ठेवायला मात्र कधी मागं राहिले नव्हते.

"धुळाप्पा कोळेकरची चूक नव्हती," मी म्हटलं. आवाज घुमेल इतक्या मोठ्यानं. "मोरी मी विकली. त्यो नको म्हणत हुता."

मी कमलकडं बघितलं. म्हटलं, आता ही वर्षभर वाडीला पुरवणार. तर तिनं डोळ्याला पदर लावलेला.

"अवं आक्का, वाडीला ठाऊक न्हाय व्हय?" ती म्हणाली. "खाटीक काय मुका हुता? आम्ही तवाच बोलणार हुतो. थोरलं दीर, तुमचं मालकच, म्हणाले, गप ऱ्हावा. तिला लागंल."

मला ते माहीत नव्हतं. पस्तीस वर्षं माहीत नव्हतं.

ताटातली वात वाऱ्यानं गेली. सारिकानं ती पुन्हा लावली आणि माझ्या हाताखाली आपला हात धरला. कळपात यंदा एक भाकड मेंढी आहे, आठ वर्षांची. आम्ही पहिली तिला ओवाळली.